स्केचबुक, जीएसएम आणि भागिले शून्य

गेल्या बुधवारी ऑफिसात चहाच्या मशीनपाशी उभा होतो, तेवढ्यात आमच्या टीममधली एक मुलगी आली. वय वर्षं पंचवीस, उत्साह दांडगा. "तू वीकेंडला चित्रं काढतोस ना रे? मला एक चांगलं स्केचबुक सुचव." मी विचारलं, बजेट किती? तर म्हणते, "बजेटचा प्रश्न नाही. एकदाच काय ते चांगलं घेऊन टाकते." आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कार्टमध्ये एक इटालियन स्केचबुक, चोवीस रंगांची पेटी, बारा ब्रशांचा संच. एकूण सहा हजार दोनशे रुपये फक्त.

"शेवटचं चित्र कधी काढलंस?"

"दहावीच्या आधी. इंटरमिजिएटला बी ग्रेड होती मला!"

मी म्हटलं, अजून 'बाय' दाबू नकोस, मी नीट विचार करून सांगतो. चहा पिता पिता सांगता येईल असं ते प्रकरण नाही. आज रविवार. बायको माहेरी, बाहेर पाऊस, आणि कपाटातली सगळी स्केचबुकं मी दिवाणखान्यात जमिनीवर मांडून बसलोय. मोजली तर एकोणीस निघाली. त्यातली पूर्ण भरलेली अकरा. उरलेल्या आठांबद्दल थोडं पुढे बोलू.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. पेन-पेन्सिलने काढणार असाल तर स्वस्तातलं घ्या, बिनधास्त घ्या. जलरंगात काम करणार असाल तर मात्र रंगांचे पैसे कमी करा, ब्रशांचे कमी करा, पण कागदाचे करू नका. आणि दोन्हीकडे एकच अट: एक पान बिघडलं तर जीव हळहळता कामा नये, एवढ्याच किमतीचं घ्या. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुठल्याही वेष्टनावर छापलेली नसते.

आता विस्ताराने.

इंजिनियर असल्यामुळे मी पहिल्यांदा काय केलं असेल? बरोब्बर. एक्सेल उघडलं. किंमत, पानांची संख्या, आकार, जीएसएम, आणि शेवटचा रकाना 'दर चित्रामागे खर्च'. इथेच पहिली ठेच लागते. वेष्टनावर पन्नास लिहिलेलं असतं, पण ती पन्नास पानं की पन्नास पृष्ठं? मराठीत आपण दोन्हीला सर्रास 'पान' म्हणतो. पुस्तकाच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही. स्केचबुकात किंमत थेट निम्मी किंवा दुप्पट होते. पन्नास पानं म्हणजे शंभर पृष्ठं, पण तीही दोन्ही बाजूंनी काढता आलं तरच. कागद पातळ असेल आणि मार्कर वापरत असाल तर शाई पलीकडे उमटते आणि मागची बाजू बाद. म्हणजे स्वस्त वही तितकीशी स्वस्त राहत नाही.

माझ्या तक्त्यातल्या तीन ओळी सांगतो. किमती मी त्या त्या वेळी दिलेल्या आहेत, तुमच्याकडे इकडे-तिकडे होतील.

पहिली वही, अप्पा बळवंत चौकातून घेतलेली. ए५, १२० जीएसएम, पन्नास पानं, १८० रुपये. जेल पेनने दोन्ही बाजूंना काढलं, म्हणजे पृष्ठाला एक रुपया ऐंशी पैसे. दुसरी ऑनलाईन, १६० जीएसएम, चाळीस पानं, ४२० रुपये. पृष्ठाला सव्वापाच. तिसरी आयात केलेली, शंभर टक्के कॉटन, ३०० जीएसएम, तीस पानं, १९५० रुपये. जलरंग एकाच बाजूला करतो, त्यामुळे चित्रामागे ६५.

कागदावर हिशोब इतका सरळ आहे. पण मग मी आणखी एक रकाना टाकला: 'प्रत्यक्षात किती पानं भरली'. आणि सगळा तक्ता उलटापालटा झाला. पहिली वही चार महिन्यांत संपली. दुसरी वर्षभरात. तिसरी सहा वर्षं माझ्याकडे आहे आणि तिच्यात चार चित्रं आहेत. चार! म्हणजे एक चित्र ४८७ रुपये ५० पैशांना पडलं, आणि त्यातली दोन तर मला आवडतसुद्धा नाहीत.

चौथी ओळ माझ्या बाबांच्या स्केचबुकाची आहे. तिथे एक्सेलने भागिले शून्यची एरर दिली. त्याबद्दल नंतर.

आधी हे जीएसएम प्रकरण निकालात काढू, कारण दुकानात गेलं की सगळे तेवढंच विचारतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बस्स. दर्जा नाही, वजन. ए० आकाराच्या कागदाचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर ठरवलेलं आहे. तो चार वेळा अर्धा केला की ए४, म्हणजे सोळावा भाग. ऑफिसच्या प्रिंटरमधला ८० जीएसएमचा ए४ कागद म्हणूनच पाच ग्रॅमचा असतो. ए५ त्याच्या निम्मा.

हे गणित उपयोगी आहे, कारण त्यामुळे स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन कंपनीला पकडता येतं. वेष्टनावर '१६० जीएसएम, ए५' छापलेल्या एका वहीचा कागद मला हाताला पातळ लागला. स्पायरलमधून वीस पानं सोडवली आणि काट्यावर ठेवली. १६० च्या हिशोबाने १०० ग्रॅम भरायला हवीत. भरली ८६. म्हटलं घाई नको, पट्टीने मोजून बघू. तर पान २१० बाय १४८ मिलिमीटर असायच्या जागी २०५ बाय १४५ निघालं. म्हणजे तिथेही काटकसर! आकारातली ती तूट धरून पुन्हा हिशोब केला तरी १४५ जीएसएमच्या आसपासच येतं. (बायको म्हणाली, इतक्या वेळात एक चित्र झालं असतं. मुद्दा बरोबर आहे.)

पण १४५ असो की १६०, पेन्सिलीला त्याने काही फरक पडत नाही. पेन्सिल आणि चारकोलला हवा असतो किंचित खरखरीतपणा, म्हणजे कागदाने शिसं धरून ठेवलं पाहिजे. शाईच्या पेनाला नेमकं उलट, गुळगुळीत आणि नीट खळ दिलेला कागद हवा, नाहीतर शाई फुटते आणि रेघेला मिशा येतात. शाळेत हलक्या वहीवर शाईपेनाने लिहिलेल्या सगळ्यांना हे माहिती आहे. आपण ज्याला कार्ट्रिज पेपर म्हणतो तो या दोन्हींच्या मधला, म्हणून सरावाला उत्तम. त्याचं नाव खरंच काडतुसांवरून पडलंय. पूर्वी बंदुकीची काडतुसं वळायला तसला कागद वापरत. मला हे कळल्यापासून त्या कागदाबद्दल जरा आदर वाटायला लागलाय.

जलरंगाची गोष्ट वेगळी. इथे स्वस्ताई महागात पडते, आणि पैशांपेक्षा वेगळ्याच अर्थाने महागात पडते.

माझी भाची सातवीत आहे. मागच्या दिवाळीत ती वैतागून म्हणाली, "मामा, मला रंग जमतच नाहीत. पेन्सिलने छान येतं आणि रंगवलं की घाण होतं." तिची चित्रकलेची वही मागवली. कागद असेल शंभर-एकशेवीस जीएसएमचा. त्यावर बिचारी ओल्या रंगाचं आकाश करायला बघत होती. पाणी पडलं की कागद फुगून त्याच्या पन्हाळी होणार, रंग त्या पन्हाळीत साचणार. पुन्हा ब्रश फिरवला की कागदाची लव निघून गोळे होणार. तिसऱ्यांदा फिरवला की भोक. हे मुलीचं अपयश नाहीच, हे कागदाचं अपयश आहे. मी माझ्याकडचा ३०० जीएसएमचा एक तुकडा दिला, तेच रंग, तोच ब्रश. आकाश आलं. फार भारी आलं असं नाही, पण आलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एवढे दिवस हे तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

किती मुलं अशा कागदांपायी 'आपल्याला चित्रकला येत नाही' म्हणून गप्प बसली असतील? आपण पोरांना शंभर रुपये जास्तीचे रंग घेऊन देतो, पण कागद शाळेच्या यादीतला. माझं मत विचाराल तर बारा रंगांऐवजी सहा घ्यावेत आणि उरलेले पैसे कागदात घालावेत. लाल-पिवळा-निळा दोन-दोन असले की बाकीचे करता येतात. कागद मात्र कशातून करता येत नाही.

त्यातही नुसतं '३०० जीएसएम' वाचून फसू नका. लाकडाच्या लगद्याचा ३०० आणि सुती कागदाचा ३०० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुती कागद ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे रंग एकात एक मिसळायला वेळ मिळतो. लगद्याचा पटकन आणि ठिकठिकाणी वेगवेगळा वाळतो, मोठ्या आकाशात चट्टे दिसतात. पण लगद्याच्या कागदाचा एक फायदाही आहे. त्यावर रंग वरवर बसतो, म्हणून पुष्कळदा ओल्या ब्रशने पुसून काढता येतो. नवशिक्याला चुका पुसता येणं ही छोटी गोष्ट नाही. म्हणजे रोजच्या सरावाला लगद्याचा, आणि महिन्यातून एकदा मनासारखं बसायचं असेल तेव्हा सुती. पृष्ठभागाचे तीन प्रकार असतात, हॉट प्रेस गुळगुळीत, कोल्ड प्रेस मध्यम, आणि रफ. डोळे मिटून कोल्ड प्रेस घ्या, पुढचं पुढे.

सुती कागद परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक आयडिया. बांधलेलं बुक घेऊच नका. पूर्ण ताव घ्या. इंपिरियल ताव २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात, एक सेंटिमीटर वाया जात नाही. मला एक बरा सुती ताव साडेपाचशेला मिळाला, म्हणजे तुकडा सुमारे सत्तरला. आकार ए५ च्या पावणेदोन पट, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशोबाने ते आयात केलेलं स्केचबुक पार झोपलं. तुकडे घडी घालून पट्टीने फाडायचे, कात्रीने कापायचे नाहीत, कडा छान येतात. पाठीला पुठ्ठा, दोन काळ्या क्लिपा. झालं स्केचबुक. दिसायला दरिद्री आहे, पण त्यातली सगळी पानं माझी भरलीत. योगायोग नसावा.

आणि हातकागद विसरू नका. पुणेकरांना तर विसरायचा हक्कच नाही. कसब्यात कागदीपुरा नावाचा भागच आहे, जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच त्या धंद्यावरून आहे. त्या काळी कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, कारण बोरू त्यावर घसरत चालला पाहिजे. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. हातकागदाची खोड एकच, प्रत्येक ताव वेगळा. एकावर रंग मस्त पसरतो, दुसऱ्यावर टीपकागदासारखा आत शोषला जातो. दोन-तीन ताव आधी आणून बघा. मला ती अनिश्चितता आवडते, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

बाकी बांधणी, आकार वगैरे चटकन सांगतो. उभ्याने किंवा बसमध्ये काढत असाल तर स्पायरल बरं, पान मागे दुमडता येतं. दोन पानांवर पसरून काढायचं असेल तर शिवलेलं, पण ते पूर्ण सपाट उघडतं का हे दुकानातच उघडून बघा. गोंदाने चिकटवलेलं घेऊ नका, आमच्याकडे उन्हाळ्यात पानं पत्त्यांसारखी निघतात. आकार ए५. ए४ मोठं आहे, ते घरी राहतं. घरी राहिलेल्या स्केचबुकात कोणी चित्र काढत नाही.

आता त्या काळ्या, लवचिक पट्टीवाल्या, कवींच्या खिशात शोभणाऱ्या वह्यांबद्दल. मोलस्किनचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, आणि त्यासोबत पिकासो आणि हेमिंग्वेचंही. तो ब्रँड मिलानमध्ये १९९७ साली सुरू झाला. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेला आणि पिकासो १९७३ मध्ये. तेव्हा पॅरिसच्या दुकानांत मिळणाऱ्या तशाच काळ्या वह्या ते वापरत असतील, ही मात्र ती नव्हे. पिकासोने आयुष्यभरात पावणेदोनशेच्या आसपास स्केचबुकं भरली आणि इंग्रज चित्रकार टर्नरची जवळजवळ तीनशे लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत, पुष्कळशी खिशात मावणारी. या आकड्यांकडे बघून मला एवढंच कळतं की यातल्या प्रत्येक वहीला देवघरात ठेवत बसले असते तर तीनशे झाल्या नसत्या. वही सुंदर आहे, माझ्याकडे दोन आहेत. त्या आठ रिकाम्यांपैकी.

हो, ती आठ. सगळ्यात महाग आठ आहेत ती. जमिनीवर मांडल्यावर हे इतकं उघड दिसलं की हसूच आलं. माझी भरलेली अकरा वह्यांची उतरंड आहे ती बहुतेक दोनशेच्या आतली आणि कळकट. एकीवर चहाचं वर्तुळ, एकीवर पाताळेश्वरला पडलेल्या पावसाचे डाग. महागड्या वहीत मी चित्र काढायला बसलो की आधी विषय शोधतो. मग विषय वहीच्या लायकीचा वाटत नाही. मग म्हणतो, आधी दुसऱ्या कागदावर काढून बघू. आणि ते दुसऱ्या कागदावरचंच चित्र होतं.

बाबांचंही असंच झालं, फक्त त्यांच्याकडे वेळ कमी होता.

बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते, सांगलीला. चौतीस वर्षं. टी-स्क्वेअर, गुण्या, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं. धरणांचे आणि कालव्यांचे छेद काढायचे आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सुबक अक्षरांत नाव, प्रमाण, दिनांक. पण घरी आले की जुन्या अमोनिया प्रिंटांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं. कृष्णेचा घाट, आमची सायकल, झोपलेली आजी. तो कागद काय भयंकर असायचा! पिवळट, वास मारणारा, ठिसूळ. कालनिर्णयची उलटून गेलेली पानंही सोडायचे नाहीत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू तर खास बाजूला काढून ठेवायचे, त्या जाड असतात म्हणून.

२०११ साली मी सहा महिने ऑनसाईट जर्मनीला होतो. परत येताना त्यांच्यासाठी एक स्केचबुक आणलं. हिरवं कापडी कव्हर, शिवलेलं, कागद असा की नुसता हात फिरवत बसावं. चोवीस युरो. बाबांनी विचारलं, केवढ्याला? आणि मी मूर्खासारखा खरं सांगितलं. त्या वेळच्या भावाने दीड हजाराच्या वर. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कागद बोटांत धरून उजेडात बघितला आणि म्हणाले, "कागद फार चांगला आहे रे. आधी हात बसू दे, मग यात काढतो."

चौतीस वर्षं रेघा मारलेला माणूस हे म्हणत होता. मी तेव्हा हसलो होतो. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

२०१८ च्या सुमारास त्यांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर, गोळ्या, सगळं चालू आहे. चहाचा कप धरता येतो, अर्धा भरलेला असेल तर. सही बँकेत जुळत नाही. चित्रं बंद झाली. बंद करतो असं ते कधी म्हणाले नाहीत, पाठकोरे कागद जमा करायचे फक्त थांबले.

परवाच्या मे महिन्यात सांगलीचं कपाट आवरताना ते हिरवं स्केचबुक निघालं. उघडलं. पहिल्या पानावर पेन्सिलीने चारी बाजूंना समास आखलेला, बरोब्बर एक सेंटिमीटर, आणि उजव्या कोपऱ्यात खाली ती चौकट. नाव लिहिलेलं, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. प्रमाणाच्या आणि दिनांकाच्या जागा कोऱ्या. चित्राची जागाही. पुढची सगळी पानं कोरी, आणि कडांना पावसाळ्याच्या ओलीने तपकिरी ठिपके आलेले. (कागद असा ठेवून देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या. दमट हवेत कागदाची खळ मरते. मी पुढच्या एका कोऱ्या पानावर जलरंगाचा एक फटकारा मारून बघितला, डागाडागांनी आत शोषला गेला. चोवीस युरोंचा कागद ठेवून ठेवून टीपकागद झाला होता.)

मी किंमत सांगायला नको होती. बाबांना चाळीस रुपये म्हणालो असतो तर त्यांनी ते दोन महिन्यांत भरवलं असतं, आणि माझ्याकडे आज कृष्णेचा घाट पिवळ्या न पडणाऱ्या कागदावर असता. कागद ॲसिड-फ्री असावा म्हणतात तो यासाठीच. पण अमोनिया प्रिंटवरचा घाट आहे, तुकडे पडायला आलेला का होईना. हिरव्या स्केचबुकातला नाही.

म्हणून बुधवारपासून त्या मुलीला काय सांगायचं याचा विचार करत होतो. तिची कमाई चांगली आहे, सहा हजार तिला जड नाहीत, तर मी कोण नाही म्हणणारा? "महागाचं घेतलं की आपोआप काढलं जातं, पैसे घातलेत म्हणून" असंही लोक सांगतात. जिमच्या वार्षिक फीबद्दलही हेच सांगतात. काही जणांच्या बाबतीत खरंही असेल, मी तसा माणूस अजून बघितलेला नाही. उद्या तिला म्हणणार आहे की दीडशे-दोनशेचं ए५ घे, एक काळं जेल पेन घे, आणि पहिल्या पानावर मुद्दाम काहीतरी गिचमीड करून ठेव, म्हणजे ते एकदाचं खराब झालं. वही भरली की माझ्याकडे ये, मग तुझ्या कार्टमधल्या कागदाबद्दल बोलू. रंग सहाच, आणि ब्रश एक, जरा बरा, गोल, आठ किंवा दहा नंबरचा. बारा ब्रशांतले दहा कोणी वापरत नाही.

बाबा सध्या इथेच आहेत, पुण्याला, महिनाभर. गेल्या रविवारी खाली कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी एक वही आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी विचारलं, केवढ्याला? मी म्हटलं, पस्तीस. (पंच्याऐंशी.) त्यांनी कागद बोटांत धरून बघितला, "बिलाचा कागद आहे हा," म्हणाले, आणि पेन्सिल मागितली. समास आखायला गेले. रेघ थरथरत खाली गेली. जरा वेळ तिच्याकडे बघत बसले, मग पान उलटलं आणि समास न आखताच गॅलरीतली कुंडी काढायला लागले. वीस मिनिटं लागली. कुंडी कुंडीसारखी आहे, तुळस मात्र वादळात सापडल्यासारखी दिसते.

"एचबी नको आणूस," म्हणाले, "फार दाबावी लागते. फोर-बी बघ."

चार पेन्सिली आणून ठेवल्यात. वहीची सात पानं झालीत.